चार पाऊण तीन

इगतपुरीचे घर आवरताना आईच्या ट्रंकेतून फारसे काही निघाले नाही. तीन नऊवारी लुगडी, त्यांतली दोन आजीची. सहा सुती पाचवारी साड्या. बाबांचा रेल्वेचा एक कोट. एक जुने दुपटे. आणि लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून कापलेला, खडू फिरून फिरून कडा मऊ झालेला एक चौकोन. दागिन्यांची वाटणी आईने हयातीतच केली होती. घराचे कागदही तिने वेळेवर करून ठेवले होते. कापडाविषयी मात्र ती काही बोलली नव्हती, आणि आम्हां दोघी बहिणींमध्ये चाळिशी उलटल्यानंतरचा पहिला अबोला झाला तो या कापडावरून.

आम्ही दोघीही महाविद्यालयात मराठी शिकवतो. या लेखातले 'आम्ही' हे संपादकीय नव्हे, खरोखरीचे अनेकवचन आहे. मधूनमधून ते फुटेल, तेव्हा 'थोरली' आणि 'धाकटी' असे म्हणू. लेखात साहित्य थोडे आणि मोजमाप बरेच आहे, याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. पण शब्दाचा अर्थ समजायला कधी कधी कात्री हातात घ्यावी लागते, असा अनुभव आम्हांला आला आणि तो सांगण्यासारखा वाटला.

इगतपुरीत राहिलेल्या माणसाला गोधडीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जूनच्या मध्यावर घाटातून ढग वर चढू लागले की पुढचे तीन-साडेतीन महिने घरातली कोणतीही वस्तू पुरती कोरडी अशी नसते. भिंती ओल्या, मीठ ओले, पुस्तकांची पाने ओली. कपडे स्वयंपाकघरातल्या दोरीवर चार-चार दिवस लोंबत राहतात आणि अखेर तव्याच्या उबेने वाळतात. अशा गावात पांघरूण जाड हवे, पण ते आटोपशीरही हवे. कारण ओली गोधडी पिळणे हे एकटीचे काम नव्हे. दोघींनी दोन टोके धरून उलट दिशांना पीळ द्यायचा, आणि तरीही पाणी निथळत राहायचे. म्हणून आई गोधड्या मृगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा धूत असे, आणि मुळातच त्या बेताच्या आकाराच्या शिवत असे. याच जिल्ह्यातल्या सिन्नरच्या आत्याच्या गोधड्या पाहून आम्हांला लहानपणी हेवा वाटे. तिकडे पाऊस जेमतेम, ऊन भरपूर. आत्याच्या एका गोधडीत आम्ही तिघी भावंडे मावत असू. आईची गोधडी एका माणसाची असे.

ती एका माणसाची म्हणजे नेमकी किती, याचे आईचे उत्तर ठरलेले होते. देह औट हात, पांघरूण चार हात. मध्ययुगीन काव्य शिकवणाऱ्यांना औट हाताचा देह नवा नाही. साडेतीन हातांचे हे शरीर संतांच्या रचनांतून आपल्याला सतत भेटते, आणि आपण ते देहाच्या नश्वरतेकडे वळवून पुढे जातो. आई ते पायांकडे वळवीत असे. साडेतीन हात माणूस, वरचा अर्धा हात पायांखाली दुमडून घ्यायला. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे अठरा इंच. तेव्हा गोधडीची लांबी बहात्तर इंच. हात ज्याचा त्याचा असल्यामुळे माप माणसागणिक आपोआप कमीजास्त होते, हे त्यातले शहाणपण. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आम्ही शाळेत शिकलो. घरात मात्र पाय पाहून अंथरूण कापले जात होते.

आता या गोधडीच्या रचनेविषयी. खालचा आणि मधला भाग लुगड्याचा. नऊ वार लुगडे म्हणजे तीनशे चोवीस इंच लांबी; त्याच्या चार घड्या घातल्या की एक्याऐंशी इंचांचे चार थर एकावर एक पडतात. 'चौघडी' या शब्दाचा उगम असा डोळ्यांसमोर घडताना पाहायला मिळतो. त्यावर रंगीत तुकड्यांचा दर्शनी थर, आणि मग सगळ्या थरांतून आरपार जाणारा धावदोरा, कडेकडेने सुरू होऊन आत आत येणारा. वर्गात दरवर्षी दासोपंतांची पासोडी येते. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा वस्त्रावर लिहिलेले पंचीकरण. ते आम्ही इतकी वर्षे ग्रंथलेखनाचा एक चमत्कार म्हणून सांगत आलो. पासोडी हे पांघरूण आहे, त्याला पन्हा असतो, आणि मागावरच्या पन्ह्यापुढे कापडाची रुंदी जात नाही, वाढते ती लांबीच, हे आमच्या कधी मनात आले नव्हते.

आईचा दर्शनी थर एकाच नक्षीचा असे. तीन गुणिले तीन अशा नऊ तुकड्यांची एक चौकट. पाच गडद, चार फिके, बुद्धिबळाच्या पटासारखे आडवेतिडवे. चौकटीची बाजू बारा इंच. रुंदीला चार चौकटी आणि लांबीला सहा, अशा चोवीस चौकटींची गोधडी, चार फूट बाय सहा फूट. कडेला लुगड्याचा काठ. ही नक्षी तिला कोणी शिकवली ते ठाऊक नाही. अशी नऊघरी नक्षी जगभर सापडते, अमेरिकेतल्या रजयांतही ती आहे. आईची खूण होती ती मापात.

आईचे शालेय शिक्षण बेताचे, पण तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ मीटर-किलो आले, आणि पुढे हे पाढे शाळांतून हळूहळू गेले; आमच्या वाट्याला ते आले नाहीत. आईला मात्र मोठ्या वस्तूची लहान वस्तू करायची म्हणजे पाऊणकी म्हणायची आणि लहानाची मोठी करायची म्हणजे दिडकी, इतके ते सोपे होते. प्रमाण या गोष्टीचे आमच्या घरात कौतुकच होते. बाबा इंजिनावर होते. १८६५ पासून गाड्या ज्या थळ घाटातून चढतात, त्याचा चढ सदतीसास एक. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. तीनशे सत्तर फुटांना दहा. हे ते आम्हांला जेवताना ताटावर बोट ओढून दाखवीत. लांबी कितीही घ्या, प्रमाण तेच राहते, हा आमचा गणितातला पहिला आणि बहुधा शेवटचा धडा.

थोरलीला मुलगी झाली तेव्हा आईने त्याच नक्षीचे दुपटे शिवले. सोळा चौकटी, चार बाय चार, तीन फूट चौरस. ते बेतताना ती पाटावर बसून पुटपुटत होती, "चार पाऊण तीन, बारा पाऊण नऊ." बाळंतिणीच्या खोलीतून थोरलीने ते ऐकले. पुढे ती आणखी काहीतरी म्हणाली, ते बाळाच्या रडण्यात विरले.

ते बाळ गेल्या वर्षी अठरा वर्षांचे झाले आणि वसतिगृहात राहायला निघाले. वसतिगृहाची खाट तीन फूट बाय सहा. आजीच्या लुगड्यांची गोधडी तिच्याबरोबर जावी अशी थोरलीची इच्छा. धाकटीला तीच नक्षी आपल्या घरातल्या मोठ्या पलंगासाठी हवी होती. कापड एकच. खरी वाटणी येथे सुरू झाली.

धाकटीने हिशेब मांडला तो दिडकीचा. चार फुटांचे सहा, सहा फुटांचे नऊ. म्हणजे कापड दीडपट लागेल. हे चुकीचे होते आणि चूक लक्षात यायला एक संध्याकाळ गेली. बाजू दीडपट झाली की कापड दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट लागते. चोवीस चौरस फुटांचे छत्तीस नव्हे, चोपन्न चौरस फूट. इकडे आम्ही साड्या खिडकीसमोर धरून उजेडात पाहत होतो, अंगठ्यांत ताणून पाहत होतो. जुन्या साडीचे सगळे कापड कामाचे नसते. बसण्या-उठण्याने मधला भाग विरलेला असतो. पदराकडचा आणि निऱ्यांच्या आतला भाग टिकतो. निम्मेही कापड हाती लागले नाही. धाकटीच्या पलंगाला ते पुरणार नव्हते, आणि थोरलीची गोधडी आधी झाली तर मुळीच पुरणार नव्हते. "तुझी मुलगी चार वर्षांत ती गोधडी वसतिगृहातच टाकून येईल," असे धाकटी म्हणाली. असे बोलायला नको होते.

थोरलीने उत्तर दिले नाही. तिने पुठ्ठ्याचा चौकोन घेतला, त्याची बाजू मोजली, साडेचार इंच भरली. नऊ इंचांच्या चौकटी करायच्या तर साडेचाराचे पाऊण. येथे एक परिभाषा सांगायला हवी. सुतार आणि शिंपी इंचाचे आठ भाग करतात, त्या भागाला 'सूत' म्हणतात. साडेचाराचे पाऊण म्हणजे तीन इंच तीन सूत. रुंदीला चार आणि लांबीला आठ, अशा बत्तीस चौकटी; प्रत्येकीत नऊ, एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी तुकडे. तिने नवा पुठ्ठा कापला आणि दोन रविवारांत ते सगळे तुकडे कापून काढले. मशीनवर त्यांच्या चौकटी जोडल्या, चौकटींच्या रांगा जोडल्या. काठ आधीच बहात्तर इंचांचे कापून ठेवले होते. ते लावायला घेतले, तेव्हा दर्शनी थर एकोणसत्तर इंच भरला. रुंदीला छत्तीस हवे होते, ते साडेचौतीस.

थोरलीने पुन्हा मोजले. मग ट्रंकेतले दुपटे काढून शेजारी अंथरले. तीच नक्षी, तोच पाऊणपट. पण दुपट्याची चौकट नऊ इंच भरत होती आणि आमची आठ इंच पाच सूत. प्रत्येक चौकटीत तीन सूत कमी. दोनशे अठ्ठ्याऐंशी तुकडे कापून झाले होते आणि कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. ही दोन लुगडी आजीची होती. आता धाकटीला फोन करावा की करू नये, या विचारात तिने दोन दिवस घालवले. मग केला. धाकटी शनिवारी इगतपुरीला आली, कापलेले तुकडे पाहिले, आणि तीही काही बोलली नाही. हा अबोला आधीच्याहून वेगळा होता, इतकेच सांगतो.

आमच्या आळीत गोधड्या शिवून देणाऱ्या एक मावशी आहेत. आईच्या बरोबरीच्या, आता डोळ्यांनी अधू. दर्शनी थर घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उलटा केला, शिवणींवरून बोट फिरवले आणि विचारले, "माया किती धरली?"

"दोन सूत," थोरली म्हणाली.

"आणि पुठ्ठ्यात?"

पुठ्ठ्यात म्हणजे काय, हे आम्हांला समजेना. त्यांनी समजावले ते असे. आईचा पुठ्ठा साडेचारचा होता, पण तिचा तुकडा चारचाच होता. चारही बाजूंनी शिवणीत जाणारे दोन-दोन सूत तिने पुठ्ठ्यातच धरून ठेवले होते. लहान करायचे ते तुकड्याला, मायेला नव्हे. चार पाऊण तीन, आणि वर माया अर्धा इंच; साडेतीन. आम्ही माया धरून पाऊण केले, म्हणजे मायेचेही पाऊण केले, आणि शिवताना मात्र माया पुरीच घेतली. एका तुकड्यामागे एक सूत गेले. लांबीला चोवीस तुकडे, चोवीस सूत, तीन इंच. हिशेब सुतासुताने जुळला.

अठरा वर्षांपूर्वी बाळाच्या रडण्यात विरलेले आईचे ते शब्द कोणते असतील, हे थोरलीला तेव्हा कळले.

"मग माया थोडी कमी धरून उसवून पुन्हा शिवू का? दीड सुताने शिवले तर बरोबर तीन इंच येतात," धाकटीने विचारले. हिशेब अगदी बरोबर होता.

"नका ताई," मावशी म्हणाल्या. "नवं कापड धरून राहतं, जुनं उसवतं. जुन्या कापडाला माया जास्ती लागते. मी तर तीन सूत सोडते."

परतीच्या वाटेवर आम्ही फार बोललो नाही. 'माया' हा शब्द आम्ही वीस-बावीस वर्षे शिकवत आलो आहोत. विद्यार्थी वहीत दोन अर्थ लिहून घेतात: अद्वैतातली माया, म्हणजे भास, आणि आईची माया, म्हणजे ममता. या दोन अर्थांतला ताण समजावण्यात अर्धा तास सहज जातो. तिसरा अर्थ, शिवणीत दडून राहणारे जास्तीचे कापड, आम्ही लहानपणापासून घरात ऐकत होतो. "ब्लाउजला माया ठेवा, पोरी वाढत्या आहेत," असे आई शिंप्याला सांगे. पण तो अर्थ आम्ही कधी वर्गात नेला नाही. तो बोलीतला, बाजारातला, म्हणून गौण वाटला असावा. आज असे वाटते की पहिले दोन अर्थ समजायलाही तो उपयोगी पडला असता. शिवलेल्या वस्तूत माया दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे वाटते. आणि दोन तुकडे एकमेकांना धरून राहतात ते तिच्यामुळेच.

त्यानंतर आम्ही कागद घेऊन बसलो आणि बऱ्याच गोष्टी उलगडत गेल्या. चार इंचांच्या तुकड्याला साडेचार इंच चौरस कापड लागते. दिसणारे क्षेत्र सोळा चौरस इंच, लागणारे सव्वावीस. म्हणजे दिसणाऱ्या क्षेत्राच्या पाव हिस्स्याहून किंचित अधिक कापड मायेत जाते. तुकडा तीन इंचांचा केला तर नवाच्या जागी सव्वाबारा. तिसऱ्या हिस्स्याहून जास्त. तुकडा एका इंचाचा असेल तर एका चौरस इंचासाठी सव्वादोन चौरस इंच, दिसते त्याहून झाकलेले अधिक. तुकडे जितके बारीक तितके कापड मायेत जास्त, हे कोणत्याही गोधडीवालीला ठाऊक असते. म्हणून मोठी नक्षी लहान करताना कापड वाचते असे जे आपल्याला वाटते, ते पुरते खरे नाही. त्रिकोणी तुकड्यांचे गणित आणखी वेगळे. चौरस कर्णावर कापून दोन त्रिकोण केले तर मापात चार सूत मिळवून भागत नाही, जवळजवळ सात सूत मिळवावे लागतात. कारण तिरक्या शिवणीचे दोन सूत कोपऱ्यापर्यंत येताना कर्णाच्या हिशेबाने वाढतात. तिरक्या जोडाला माया अधिक लागते, हे पाहून धाकटी हसली. बऱ्याच दिवसांनी.

कर्णाचा विषय निघाल्यावर शुल्बसूत्रे आठवणे साहजिक होते. एम. ए.ला असताना भारतीय परंपरेच्या ओळखीत त्यांचा नुसता उल्लेख होता. कर्णावर उभारलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट, इतके आम्हांला माहीत होते. आता ती नीट वाचली, तर त्यांत आमचाच प्रश्न निघाला. अग्निचयनाची वेदी पहिल्या खेपेस साडेसात चौरस पुरुष क्षेत्राची रचायची. पुढच्या प्रत्येक खेपेस क्षेत्र एका चौरस पुरुषाने वाढवायचे, पण पंख पसरलेल्या श्येनाचा आकार तोच ठेवायचा. एका थरात दोनशे विटा, असे पाच थर. आकार तोच आणि क्षेत्र मोठे, म्हणजे माप नव्याने काढणे आले. आणि 'पुरुष' हे माप कोणते, तर हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची. आईच्या हाताप्रमाणे हेही ज्याचे त्याचे.

त्याहून आम्हांला भावली ती आणखी एक गोष्ट. विटा वाळताना आणि भाजताना आटतात. काटेकोर हिशेब करूनही वेदीत तूट येते. बौधायन सांगतो की ही तूट माती घालून भरावी, कारण मातीचे माप ठरलेले नसते. सूतभर अंतरासाठी दोरी ताणणारा माणूस शेवटी मातीला मोकळीक ठेवतो, हे वाचून फार बरे वाटले. प्रत्येक रचनेत काही मापे ठरलेली असतात आणि एखादे मुद्दाम न ठरवलेले असते. चुकलेल्या माणसाला उभे राहायला जागा मिळते ती तेथेच.

आम्ही तेच केले. दर्शनी थर उसवला नाही. एकोणसत्तर इंचांना वर-खाली दीड-दीड इंचांची आणि साडेचौतिसांना दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंचाची पट्टी लावली. पट्टी बाबांच्या कोटाच्या अस्तराची, गडद निळी. तिच्या बाहेर बहात्तर इंची काठ ठरल्याप्रमाणे बसले. पाहणाऱ्याला ती पट्टी नक्षीचाच भाग वाटते. जे तुकडे फारच विरलेले होते त्यांच्यामागे मलमलीचा पदर दिला आणि धावदोरा जवळजवळ घातला. तिसऱ्या लुगड्याची चौघडी तळाशी गेली.

धाकटीच्या पलंगाचा प्रश्न राहिला होता. तो सोडवताना मोठ्या चौकटीचा नाद आम्ही सोडला. एखादी नक्षी मोठी करायची म्हणजे तिचा प्रत्येक तुकडा फुगवायलाच हवा असे नाही. तुकडे तेच ठेवून त्यांच्यामधले अंतर वाढवता येते. उरलेल्या साड्यांतून आईच्या मापाच्या चोवीस चौकटी कशाबशा निघाल्या, बारा इंचांच्या, आईच्याच पुठ्ठ्याने कापलेल्या. त्यांच्यामध्ये आणि भोवती कोऱ्या मांजरपाटाच्या तीन इंची पट्ट्या टाकल्या. रुंदी त्रेसष्ट इंच झाली, लांबी त्र्याण्णव. मांजरपाट आधी दोनदा भिजवून आटवून घेतले, नाहीतर पहिल्या धुण्यात नवे कापड आवळते आणि जुन्याला ओढून फाडते. त्या गोधडीत निम्म्याहून अधिक कापड आईचे आहे, बाकीचे दुकानातले. धाकटीला सुरुवातीला ते पांढरे पट्टे रिकामे वाटत होते. आता ती म्हणते, पट्ट्यांमुळे कोणती साडी कोणती ते ओळखता येते.

आपल्या व्यवसायातही हे सगळे कुठेतरी लागू पडते, असे सांगून लेख आवरता घ्यायचा मोह होतो. रूपांतर, संक्षेप, शालेय आवृत्ती, यांवर बोलताना आपण प्रमाणाची चर्चा करतो. मोठ्या कादंबरीचे पाऊण करताना कोणते प्रसंग ठेवावे आणि कोणते गाळावे, यावर वाद घालतो. दोन प्रसंगांना धरून ठेवणारी जी दोन सूत जागा असते, तिचेही पाऊण झाले तर काय होते, याकडे आम्ही तरी आजवर पाहिले नव्हते. पण हा विषय स्वतंत्र लेखाचा. शिवाय एका चुकीवर किती उभारावे, यालाही मर्यादा असावी.

आईच्या जुन्या पुठ्ठ्यावर आम्ही काही लिहिले नाही. तो आता धाकटीकडे आहे. थोरलीने चुकीचा पुठ्ठा टाकून दिला आणि साडेतीन इंचांचा नवा कापला. त्याच्या पाठीवर बॉलपेनने लिहून ठेवले आहे: तुकडा तीन, माया वेगळी.

दिवाळीच्या सुटीत मुलगी इगतपुरीला आली, ती गोधडी घेऊन. पहिले धुणे होते. आम्ही दोघींनी दोन टोके धरली आणि पीळ दिला. ती दोरीवर टाकल्यावर उन्हात पाहिले, तर पायाकडच्या एका चौकटीतली शिवण बोटभर उसवली होती. आत चाचपून पाहिले. दोन सुतांतले एक सूत अजून शाबूत होते. वाळल्यावर तेवढ्यात पुन्हा शिवले.